सायकल चोरीला गेली? गोव्यात विम्याचा दावा करताना कुठलं काम आधी, कुठलं नंतर

सायकल चोरीचे दावे बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच फसतात, पण फसले हे कळायला दोन महिने जातात. पोलीस स्थानकात 'चोरीला गेली'च्या जागी 'हरवली' असं लिहिलं जातं. फ्रेम क्रमांक कुणी टिपून ठेवलेला नसतो. एजंटाला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं समजून माणूस गप्प बसतो. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली मी चाळल्या आणि त्यातली एक माझी स्वतःची होती. चुका सगळ्यांच्या त्याच, म्हणून कामाचा क्रम इथे सविस्तर मांडतो आहे.

पहिले दोन टप्पे सायकल घरात उभी असतानाच करायचे आहेत. ज्यांची आजच गेली त्यांनी थेट तिसऱ्या टप्प्यावर जावं आणि पोलीस स्थानकातून परत आल्यावर वरचे दोन वाचावेत.

## १. तुमच्या पॉलिसीत 'चोरी' आहे का ते बघा

'घराचा विमा आहे, सायकल त्यात येतेच' हे मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं आणि सर्वांत महागात पडलेलं वाक्य. घराचे सगळे विमे सारखे नसतात.

१ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी गृहकर्जाबरोबर सर्रास दिली जाते. आग, पूर, वादळ यांसारख्या आपत्तींसाठी ती चांगली आहे. चोरीच्या बाबतीत मात्र तिची मर्यादा अगदी स्पष्ट आहे. अशी एखादी आपत्ती घडल्यावर सात दिवसांच्या आत, आणि तिच्यामुळेच झालेली चोरी तेवढी तिच्यात येते. साध्या रात्री अंगणातून उचललेली सायकल येत नाही. त्यासाठी घरफोडी-चोरीचं वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं.

'बर्गलरी' असं लिहिलेल्या पॉलिसीत आणखी एक मेख असते. तिथे बहुधा 'बळजबरीने शिरून' केलेली चोरी, असे शब्द असतात. कडी तोडलेली नाही, गज वाकवलेला नाही, दार उघडंच होतं आणि कुणीतरी आत येऊन सायकल घेऊन गेलं, तर दावा नाकारला जाऊ शकतो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हेच सांगितलं: पॉलिसीत बळजबरीची अट लिहिलेली असेल, तर फक्त चोरी झाली एवढं पुरत नाही. आपल्याकडे बाल्कांव (घरापुढचा बसायचा ओटा) उघडा आणि अंगणाचं फाटक नुसतं लोटलेलं, हे नेहमीचं. त्यामुळे हा शब्द गोव्यातल्या घरांना जास्त लागतो.

जुन्या पद्धतीच्या 'हाउसहोल्डर्स' पॉलिसीत 'पेडल सायकल' असा वेगळा विभाग असतो. तो घेतलेला असेल तर उत्तम, पण विभाग छापलेला आहे आणि तुम्ही तो घेतलेला आहे यात फरक आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात त्या विभागासमोर रक्कम लिहिलेली दिसली पाहिजे. याखेरीज फक्त सायकलीचा वेगळा विमाही मिळतो. लाखाच्या घरातली रोड बाइक घेऊन मिरामार ते दोनापावल पहाटे सराव करणाऱ्यांनी तोच घ्यावा असं मी सांगेन.

पॉलिसी हातात घेऊन या पाच गोष्टी शोधा आणि पेन्सिलीने खुणा करा:

- जागा. फक्त पॉलिसीवरच्या पत्त्यावर संरक्षण आहे की बाहेरही? फोंड्याहून पर्वरीला राहायला आलात आणि पत्ता बदलून घेतला नाही, तर जुन्या पत्त्याचा विमा नव्या पार्किंगमधल्या सायकलीला लागू होणार नाही.
- कुलूप. बाहेर ठेवताना हलवता न येणाऱ्या वस्तूला बांधलेली हवी, अशी अट आहे का? नुसतं चाकात घातलेलं कुलूप तिथे चालत नाही.
- सुटे भाग. दिवा, मीटर, सीट, बॅटरी एकटी चोरीला गेली तर बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. सायकलीबरोबर गेली तरच ती धरतात.
- वापर. भाड्याने देणं, शर्यत, धंद्यासाठी वापर वगळलेला आहे का? मागे पाटी लावून पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल घरगुती पॉलिसीत येईल असं गृहीत धरू नका.
- किंमत. नवी सायकल घेण्याइतके पैसे मिळणार की घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा करून?

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांसाठी एक खुलासा. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी नाही, म्हणून स्कूटरसारखा मोटार विमाही नाही. ती सायकलीच्याच पॉलिसीत घालावी लागते आणि तिथे बॅटरीचा उल्लेख वेगळा करून घ्यावा लागतो.

> तपासा: पॉलिसीवर तुमच्या सायकलीचं नाव किंवा फ्रेम क्रमांक आहे का? नसेल तर आजच कंपनीला ईमेल करून तो नोंदवून मागा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

## २. सायकलीची ओळख कागदावर आणा

सायकलीला आरसी बुक नसतं. ती तुमची आहे हे सांगणाऱ्या दोनच गोष्टी आहेत, बिल आणि फ्रेमवर ठोकलेला क्रमांक.

क्रमांक बहुतेक सायकलींना पॅडलच्या आसाखाली, फ्रेमच्या पोटाशी असतो. काहींना हँडलखालच्या नळीवर किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ. सायकल उलटी करा. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे तिथे गंज, ग्रीस आणि लाल मातीचा थर बसलेला असतो. जुन्या दातांच्या ब्रशला थोडं रॉकेल लावून घासा, फडक्याने कोरडं करा, मग त्यावर चिमूटभर तांदळाचं पीठ चोळून वरचं फुंकून टाका. पीठ खाचांत अडकतं आणि अक्षरं पांढरी उठून दिसतात. आता टॉर्च बाजूने धरून फोटो काढा. समोरून उजेड टाकला तर अक्षरं बुजतात.

मग तो क्रमांक मोठ्याने वाचून दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या आणि फोटोशी पडताळा. इंग्रजीतला 'बी' आणि आठचा आकडा, 'एस' आणि पाच, 'ओ' आणि शून्य हमखास गोंधळात टाकतात. माझ्या एफआयआरमध्ये 'बी'चा आठ झाला होता. कंपनीने कागद परत पाठवले, पोलीस स्थानकात जाऊन पुरवणी जबाब द्यावा लागला आणि त्या एका अक्षरापायी पाच आठवडे गेले.

बिलाबद्दल सांगायचं तर जीएसटी क्रमांक असलेलं, तुमच्या नावाचं आणि शक्यतो फ्रेम क्रमांक लिहिलेलं बिल हवं. दुकानदार बहुधा फक्त मॉडेल लिहितात. घेतानाच 'फ्रेम नंबर घाला' म्हणून सांगा, ते लगेच लिहून देतात. बिल हरवलं असेल तर दुकानातून मूळ तारखेची दुसरी प्रत मागा. तीही मिळत नसेल तर बँकेच्या पासबुकातली किंवा यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि तुम्ही सायकलीसोबत असलेले जुने फोटो हे सगळं एकत्र ठेवा. एकेकटा कागद कमजोर असतो, पण एकमेकांना धरून राहिले तर चालतात.

सेकंडहँड घेतली असेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, तारीख, रक्कम, फ्रेम क्रमांक आणि सही घ्या. हे न केल्यामुळे पुढे दावा करायला तोंडच राहत नाही, असं मी दोनदा पाहिलं आहे.

कुलपाचं बिल आणि त्याच्या दोन्ही किल्ल्याही या फायलीत. याचं कारण सातव्या टप्प्यात कळेल.

## ३. चोरी लक्षात आल्यावर पहिले दोन तास

आधी खात्री करा. घरच्यांनी, शेजाऱ्याने किंवा सोसायटीच्या वॉचमनने ती हलवली नाही ना? दहा मिनिटांत हे विचारून होतं.

नंतर जागेचे फोटो घ्या. लांबून एक, ज्यात इमारत किंवा फाटक ओळखू येईल. जवळून एक, ज्यात सायकल बांधली होती तो खांब किंवा गज दिसेल. कापलेली साखळी जमिनीवर पडली असेल तर ती आहे तशी, हात न लावता. पंचनामा होईपर्यंत ती तिथेच राहू दे. पावसात वाहून जाण्यासारखं असेल तरच उचला आणि उचलण्याआधी फोटो काढा.

मग कॅमेरे. सोसायटीचा, समोरच्या दुकानाचा, रस्त्यावरच्या बारचा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी जाऊन 'अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं जपून ठेवा' असं सांगा. तसा मेसेजही पाठवा म्हणजे पुरावा राहील. फुटेज ताब्यात घेणं पोलिसांचं काम, तुम्ही फक्त ते पुसलं जाऊ नये एवढं बघा.

चोर नजरेसमोर असेल किंवा घर फोडलेलं असेल तर ११२ लावा. कदंब बसस्थानक, मडगाव रेल्वे स्टेशन, फेरीचा धक्का अशा ठिकाणाहून सायकल गेली असेल, तर तिथल्या ड्युटीवरच्या माणसालाही सांगून ठेवा. रेल्वेच्या हद्दीत रेल्वे पोलिसांकडे जावं लागू शकतं.

> सावध: विमा कंपनीला फोन करण्यासाठी पोलीस स्थानकात जाणं लांबवू नका आणि पोलिसांच्या प्रतीसाठी कंपनीला कळवणं लांबवू नका. दोन्ही कामं एकाच दिवसाची आहेत.

## ४. पोलीस स्थानक: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

ज्या हद्दीत चोरी झाली तिथलं स्थानक गाठा. राहता म्हापशात आणि सायकल गेली पणजीतून, तर पणजी. पण हद्दीचं कारण देऊन कुणी परत पाठवू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो अशा, गुन्ह्याची खबर कुठल्याही स्थानकात घ्यावी लागते, आणि ती पुढे योग्य हद्दीत पाठवली जाते. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायला हवी, नाहीतर ती नोंदली जात नाही.

तक्रार घरूनच लिहून न्या. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी ही राजभाषा असली, तरी सरकारी कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. त्यामुळे मराठीत लिहायला बिचकू नका. कंपनीसाठी पुढे इंग्रजी भाषांतर लागलं तर ते जोडता येतं. घाईने मोडक्या इंग्रजीत लिहून अर्थ बदलण्यापेक्षा हे बरं.

मजकूर साधारण असा असावा:

*"माझ्या मालकीची, अमुक कंपनीची, काळ्या-लाल रंगाची, २१ गिअरची सायकल, फ्रेम क्रमांक अमुक, मी दि. १२ रोजी रात्री ९.३० वाजता आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या लोखंडी खांबाला साखळी-कुलूप लावून ठेवली होती. दि. १३ रोजी पहाटे ५.४५ वाजता खाली आलो तेव्हा सायकल जागेवर नव्हती व साखळी कापलेली आढळली. अज्ञात व्यक्तीने माझ्या संमतीशिवाय ती चोरून नेली आहे. खरेदी किंमत अमुक, आजची अंदाजे किंमत अमुक. सायकलीला दिवा व मीटर लावलेला होता, किंमत अमुक. बिलाची प्रत व फ्रेम क्रमांकाचा फोटो सोबत जोडला आहे."*

या मजकुरातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. वेळ दोन्ही बाजूंनी दिलेली आहे, शेवटची कधी पाहिली आणि नसल्याचं कधी कळलं. कशाला बांधली होती ते आहे. कुलूप तोडल्याचा उल्लेख आहे. कंपनी नेमकी हीच वाक्यं शोधते.

आता तीन अडचणी, ज्या खरोखरच येतात.

पहिली, 'हरवली' हा शब्द. शेजारच्या काकांना स्थानकात सांगितलं गेलं, "काका, हरवल्याची नोंद करतो, लगेच कागद मिळेल." काकांना घाई होती, त्यांनी मान डोलावली. कागद पाच मिनिटांत मिळालाही. पण हरवलेल्या वस्तूची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. त्या कागदावर काकांचा दावा उभाच राहिला नाही, कारण पॉलिसी चोरीची होती. अशा वेळी शांतपणे, आदर ठेवून, पण ठामपणे सांगा: "साहेब, कुलूप कापलेलं आहे, सायकल चोरीला गेली आहे, मला चोरीचीच फिर्याद द्यायची आहे."

दुसरी, किंमत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खालची चोरी दखलपात्र आहे, पण मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर ती अदखलपात्र होते. तेव्हा एफआयआर न होता एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. 'जुनीच आहे हो, तीन-चार हजारांची असेल' असं संकोचाने बोलून जाणारे पुष्कळ भेटतात. किंमत फुगवू नका, ते खोटं ठरेल आणि दावाही बुडेल. पण बिल बघून, सोबत गेलेल्या वस्तू धरून, विचार करून आकडा सांगा. सायकल घराच्या आतून किंवा बंद गॅरेजमधून गेली असेल तर ते स्पष्ट लिहा. राहत्या घरातल्या किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतल्या चोरीला वेगळं, कलम ३०५ आहे आणि तिथे पाच हजारांचा प्रश्न येत नाही.

तिसरी, नोंदच घेत नाहीत. लेखी तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागा. तरीही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपा. त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माझा अनुभव असा की शिक्का मागितल्यावरच बहुतेक वेळा काम पुढे सरकतं.

एफआयआरची प्रत फिर्यादीला विनाशुल्क मिळते, तो तुमचा हक्क आहे. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा आणि कापलेली साखळी पंचनाम्यात आली का ते बघा.

> तपासा, सही करण्याआधी: नाव पॉलिसीतल्यासारखंच आहे का? फ्रेम क्रमांक अक्षरागणिक बरोबर? तारीख आणि वेळ? 'चोरी' हा शब्द? कुलपाचा उल्लेख? चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. सही झाल्यावर पुरवणी जबाबाशिवाय मार्ग नाही.

## ५. कंपनीला त्याच दिवशी कळवा

पॉलिसीत मुदत लिहिलेली असते. कुठे 'ताबडतोब', कुठे २४ तास, कुठे काही दिवस. मुदत कितीही असो, त्याच दिवशी कळवा. आधी टोल फ्री क्रमांकावर फोन करा आणि दावा क्रमांक घ्या. लगेच कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा: पॉलिसी क्रमांक, चोरीची तारीख-वेळ-जागा, पोलीस स्थानकाचं नाव, फोनवर मिळालेला दावा क्रमांक. एफआयआरची प्रत हातात नसेल तर 'प्रत मिळताच पाठवतो' एवढं लिहा.

एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं नव्हे. एजंट चांगला असेल, ओळखीचा असेल, त्यालाही सांगा. पण त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'ओके काका, बघतो' हा मेसेज पुढे कामाला येत नाही.

उशीर झालाच असेल तर हात टेकू नका. २०२० मध्ये गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, एफआयआर लगेच केलेला असेल आणि चोरी खरी असेल, तर फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येणार नाही. तो खटला मोटार वाहनाचा होता, तरी पत्र लिहिताना त्याचा आधार घेता येतो. पोलिसांकडे जायला केलेला उशीर मात्र सावरणं कठीण असतं.

## ६. दाव्याची फाईल

दावा अर्ज भरताना एफआयआर शेजारी ठेवा आणि तिथली वेळ, जागा, वर्णन जसंच्या तसं उतरवा. एका कागदावर 'पार्किंग' आणि दुसऱ्यावर 'गेटजवळ' असं आलं की प्रश्न सुरू होतात.

सोबत लागतं ते असं: पॉलिसीची प्रत, एफआयआर, पंचनामा मिळाला असेल तर तो, सायकलीचं आणि कुलपाचं बिल, फ्रेम क्रमांकाचा फोटो, जागेचे फोटो, त्याच किंवा तशाच मॉडेलचं आजच्या दराचं दुकानातलं कोटेशन, ओळखपत्र, रद्द केलेला चेक. कोटेशन ताजं घ्या. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. त्याआधीच्या दराचं कोटेशन जोडलं तर कंपनी ते कापणारच.

मूळ कागद कधीही सोडू नका, छायाप्रती द्या. मूळ मागितलेच तर पोच घेऊन द्या आणि त्याआधी स्कॅन करून ठेवा.

## ७. सर्व्हेअर आला तर

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरची, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्या माणसाची, नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीचा निर्णय, असं वेळापत्रक आहे. लहान रकमेच्या दाव्यात सर्व्हेअर नेमतीलच असं नाही. तेव्हा कंपनीचाच माणूस फोनवर चौकशी करतो.

तो जागा बघेल, कुठे बांधली होती ते विचारेल आणि कुलपाच्या किल्ल्या मागेल. दोन्ही किल्ल्या दाखवता आल्या तर कुलूप लावलं होतं या म्हणण्याला बळ मिळतं. एक किल्ली आधीच हरवली असेल तर तसं खरं सांगा, आणि कधी हरवली तेही.

प्रश्नाला प्रश्नापुरतंच उत्तर द्या. 'बहुतेक', 'असेल कदाचित' असं बोलू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. एक ओळखीच्या बाई सर्व्हेअरशी चहा घेता घेता म्हणाल्या, "कधीकधी घाईत कुलूप राहायचं हो." त्या रात्री कुलूप लावलेलं होतं, कापलेली साखळी पंचनाम्यात होती. तरी ते वाक्य अहवालात गेलं आणि नंतर दोन पत्रं लिहून त्याचा खुलासा करावा लागला.

## ८. पोलिसांचा अंतिम अहवाल

काही कंपन्या एफआयआरवर भागवतात, काही 'सायकल सापडली नाही' असा पोलिसांचा अहवाल मागतात. गुन्हा खरा, पण तपास लागत नाही, अशा प्रकरणात जो अहवाल न्यायालयात जातो त्याला 'ए समरी' म्हणतात. तो व्हायला महिने लागू शकतात, म्हणून दोन कामं करा.

पहिलं, कंपनीला लेखी विचारा: अंतिम अहवाल पॉलिसीच्या कुठल्या अटीप्रमाणे हवा आहे, आणि तोवर तपास अधिकाऱ्याचं 'अद्याप शोध लागलेला नाही' असं पत्र चालेल का? पुष्कळदा चालतं.

दुसरं, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक टिपून ठेवा आणि महिन्यातून एकदा जाऊन विचारा. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं नव्या संहितेत पोलिसांवर बंधनकारक आहे. तेवढे दिवस होऊन गेले असतील तर लेखी अर्ज द्या.

## ९. रक्कम कशी येते ते समजून घ्या

समजा ४२,००० रुपयांची सायकल, दोन वर्षं वापरलेली, विमाही तेवढ्याच रकमेचा, आणि पॉलिसीत वर्षाला मूळ किमतीच्या दहा टक्के घसारा. ८,४०० वजा, राहिले ३३,६००. पॉलिसीतला तुमचा स्वतःचा वाटा १,००० असेल तर हातात ३२,६००. हा आकडा ऐकून लोक चिडतात, पण तो बरोबर असतो.

खरा धक्का कमी रकमेच्या विम्याने बसतो. हप्ता वाचवायला ४०,००० च्या सायकलीचा विमा ३०,००० चा उतरवला आणि पॉलिसीत सरासरीचं कलम असलं, तर नुकसान तीन-चतुर्थांशच धरतात.

रक्कम देण्याआधी दोन कागदांवर सही मागतात. एक, पैसे मिळाल्यावर सायकलीवरचा हक्क कंपनीकडे जातो असं पत्र. ते रीतसर आहे. दुसरा, 'पूर्ण आणि अंतिम' रक्कम मिळाल्याची पावती. रक्कम पटलेली नसेल तर सही करण्याआधी ईमेलने हिशेब मागा आणि हरकत नोंदवा. सही झाल्यावर ओरडून फारसं हाती लागत नाही.

## १०. दावा नाकारला तर

नकार लेखीच घ्या आणि त्यात पॉलिसीचं कुठलं कलम लावलं ते बघा. कलम दिलेलं नसेल तर आधी ते मागा.

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याच वेळी नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. गोवा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. पुण्याला धावायची गरज नाही, तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने करता येते. फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगवेगळे जिल्हा आयोग आहेत. मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम, म्हणजे इथे हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केलं की त्याच विषयावर लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून मी आधी लोकपालाकडे जायला सांगतो.

## ११. सायकल सापडली तर

पैसे मिळण्याआधी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून पोलिसांकडे राहते. गुन्हा क्रमांक, बिल आणि फ्रेम क्रमांकाचा फोटो जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ताब्यासाठी अर्ज करा. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे की मुद्देमाल पोलीस स्थानकाच्या आवारात विनाकारण पडून राहू नये. एक पावसाळा उघड्यावर काढला की चेन, बेअरिंग आणि रिम कामातून जातात, त्यामुळे अर्ज लगेच करा.

ताब्यात घेताना क्रमांक पुन्हा पडताळा, चारही बाजूंनी फोटो काढा, काय मोडलं आणि काय गायब आहे याची यादी पोलिसांसमोरच करा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत बसत असेल तर सायकल मेकॅनिककडे नेण्याआधी कंपनीचं उत्तर येऊ द्या. पैसे मिळाल्यानंतर सापडली असेल तर ती आता कंपनीची आहे. पोलिसांचा फोन आल्याचं कंपनीला लेखी कळवा. ती परत हवी असेल, तर किती रक्कम परत भरायची हे त्यांच्याकडून लेखी घ्या आणि मगच ताब्याचा अर्ज करा.